रेवदंड्याच्या काकांना, दोन पावसाळ्यांनंतर

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र फार उशिरा लिहितोय. कुंडलिकेच्या खाडीवर तुम्ही भेटलात तेव्हा माझ्या हातात अडकून बसलेलं बेटकास्टर (मासे धरायच्या रॉडवरचं, आडवी फिरकी असलेलं रील) होतं, आणि तसलंच पण आणखी महागाचं नवं घ्यायचं मी ठरवून टाकलं होतं. तुम्ही ते घेऊ दिलं नाहीत. त्याबद्दल आधी मनापासून आभार मानतो, मग बाकीचं सांगतो.

धक्क्यावर वर्तमानपत्र पसरून तुम्ही माझं रील उघडलंत, ते अजून डोळ्यांसमोर आहे. बाजूचं झाकण निघताना करकरलं. फ्रेमला स्क्रू बसतो तिथे पांढरी भुकटी साचली होती. मला ते मीठ वाटलं. तुम्ही नखाने ती खरवडलीत तर खाली धातूच पोखरला गेला होता. ‘मॅग्नेशियम आहे. तळ्यावर झकास, खाऱ्यात टिकायचं नाही,’ एवढंच म्हणालात. मग बेअरिंग काढून काडीवर अडकवलंत, बोटाने फिरवलंत आणि माझ्या कानाशी धरलंत. आत वाळू असावी तशी खरखर येत होती. रील घेताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वजनाला हलकं आणि किमतीला भारी म्हणजे चांगलंच असणार, असं मी धरून चाललो होतो.

त्यानंतर तुम्ही एकाही कंपनीचं नाव घेतलं नाहीत. आधी विचारलंत, उभा कुठे राहतोस? फेकतोस काय, किती ग्रॅमचं? मासा कुठला हवाय? मी म्हटलं, होडीतून साळावच्या पुलाच्या खांबांपाशी आणि तिवरांच्या कडेला, 15 ते 30 ग्रॅमची ल्युअर (नकली आमिष), मासा जिताडा. आणि कधीमधी कोर्लईच्या कातळावरून. तुम्ही लगेच म्हणालात, कातळावर बेटकास्टर नेऊच नकोस. दुपारनंतर तिथे वारा समोरून येतो. ल्युअर हवेत मंदावते, स्पूल (लाईन गुंडाळलेली फिरकी) मात्र त्याच वेगाने फिरत राहतं आणि लाईनचा गुंता होतो. तिथे साधं स्पिनिंग रील बरं, फेकताना त्याचं स्पूल फिरत नाही. ने-आण करायला एकच रील पुरावं ही माझी हौस होती, पण तुम्ही खरं ते सांगितलंत.

खाडीसाठी मात्र बेटकास्टरच हवं, हेही तितक्याच ठामपणे सांगितलंत. खांबापासून हातभर अंतरावर ल्युअर टाकायची तर अंगठ्याने स्पूल दाबून ती हवी तिथे थांबवता येते. आणि जिताडा लागला की तो पहिल्या झटक्यात खांबाकडेच वळतो, तेव्हा त्याला रोखायला जोर लागतो. म्हणून हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल 8 वेळा फिरवणारा वेगवान गिअर सोडून 6 च्या आसपासचा घे म्हणालात. फ्रेम ॲल्युमिनियमची, ॲनोडाइझ केलेली (गंजू नये म्हणून वर थर चढवलेली). आतला मोठा गिअर पितळेचा. बेअरिंग किती आहेत ते मोजू नकोस, गंजरोधक आहेत का ते बघ. ड्रॅगच्या (मासा ओढेल तेव्हा लाईन ठरावीक ताणावर सुटू देणाऱ्या यंत्रणेच्या) चकत्या कार्बनच्या. 30 पौंडी ब्रेड (तेवढा ताण सोसणारी विणलेली लाईन) दीडशे मीटर मावली की पुष्कळ. आणि हँडल कुठल्या हाताचं ते घेतानाच ठरव, स्पिनिंगसारखं ते नंतर बदलता येत नाही. तुमचं बोलणं मी त्याच वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहून घेतलं होतं. तो कागद अजून माझ्या डब्यात आहे.

नवं रील घेऊन आलो तर तुम्ही आपली संध्याकाळ माझ्यासाठी मोडलीत. ब्रेड स्पूलवर घसरते म्हणून खाली आधी थोडी मोनो (एकाच धाग्याची नायलॉनची लाईन) गुंडाळायला लावलीत. रॉडच्या टोकाला ल्युअर टांगून बटण दाबायला सांगितलंत. ती सावकाश खाली उतरावी आणि जमिनीला टेकताक्षणी स्पूल थांबावं, इतकं होईपर्यंत बाजूची कळ माझ्याकडूनच फिरवून घेतलीत. फेकताना स्पूलला आवरणारे ब्रेक सुरुवातीला पूर्ण चढवलेले. ड्रॅग अंदाजाने लावू दिला नाहीत, पिशवी तोलायचा काटा लाईनला अडकवून साडेतीन किलोपाशी बसवलात, लाईनच्या ताकदीच्या चौथाईला. स्पूलवर अंगठा ल्युअर पाण्याला टेकल्यावर नाही, टेकण्याआधी दाबायचा, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत! एकदाही आवाज चढला नाही.

गेल्या कार्तिकात सुकतीला (ओहोटीला) दुसऱ्या खांबाजवळ जिताडा लागला. पहिल्यांदा उसळला तेव्हा त्याचं रुपेरी अंग पूर्ण पाण्याबाहेर आलं आणि मान झटकताना कल्ले फाकलेले दिसले. त्या कल्ल्यांची कड सुरीसारखी असते म्हणून पुढे जाड फ्लोरोकार्बनचा लीडर (घासण्याला टिकणारा, ल्युअरआधीचा लाईनचा तुकडा) बांध, असं तुम्ही बजावलं होतंत. मासा होडीत घेतल्यावर लीडरवरून बोट फिरवलं, जागोजाग खरखरीत झाला होता. नुसत्या ब्रेडवर तो माझ्या हाती लागलाच नसता. चार किलोला थोडा कमी भरला. घरी आईने कालवण केलं तेव्हा तुमचं नाव निघालं.

रोज घरी आल्यावर तुम्ही सांगितलेलं करतो. ड्रॅग घट्ट आवळून नळाच्या हलक्या धारेखाली रील धुतो, जोराचा फवारा नाही, बुडवून ठेवणं नाही. झटकून सावलीत वाळवतो, मग ड्रॅग सैल करतो. लाईन सारखी गुंडाळणाऱ्या आट्यांच्या दांड्यावर थेंबभर तेल. परवा झाकण उघडून बेअरिंग काडीवर फिरवलं. कानाला काहीच ऐकू आलं नाही, ते नुसतं फिरत राहिलं.

येत्या अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरेल. रील घेऊन धक्क्यावर येतो. ते बेअरिंग एकदा तुमच्या कानाशी धरायचं आहे.

तुमचा,
पुलाखालचा शिकाऊ