फिट येणाऱ्यांची नोंद आणि तपासणी : ग्रामस्थांना मदतीचं आवाहन

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

कुणाला फिट आली की आजही आधी नाकाशी कांदा किंवा चप्पल धरली जाते, मग देवऋषी गाठला जातो. कुणी जिल्ह्याला नेऊन सीटी स्कॅन केलाच, तर अहवालात कधी ‘न्यूरोसिस्टीसरकोसिस’, म्हणजे मेंदूत जंताच्या गाठी होऊन फिट येण्याचा आजार, असं निदान येतं. गोळ्या सुरू होतात, कागद कपाटात जातो. उपकेंद्राच्या वहीत मात्र काहीच येत नाही. ही नोंद आता आपल्या गावात सुरू करायची आहे.

टीनिया सोलियम नावाच्या जंताचा हा आजार. डुकराचं मटण नीट शिजलं नाही, तर त्यातल्या गाठींपासून माणसाच्या आतड्यात काही मीटर लांबीचा जंत वाढतो. त्या माणसाला बहुधा काही त्रासही होत नाही. पण त्याच्या शौचातून अंडी पडत राहतात. उघड्यावरची ती घाण डुकराने खाल्ली की डुकराच्या मांसात गाठी होतात. आणि न धुतलेल्या हातांवरून किंवा कच्च्या भाजीवरून तीच अंडी माणसाच्या पोटात गेली, तर गाठी माणसाच्या मेंदूत होऊ शकतात. म्हणजे हा आजार माळकऱ्यालाही होतो.

न्यूयॉर्कमध्ये डुकराचं मांस वर्ज्य मानणाऱ्या ज्यू कुटुंबांत असे चार रुग्ण निघाले होते. आरोग्य खात्याच्या लोकांनी त्या घरांत वावरणाऱ्या सगळ्यांची तपासणी केली, तेव्हा घरकामाला असलेल्या एकीच्या पोटात जंत सापडला. 1992 मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली. रुग्णापासून मागे मागे जात जंत शोधायचा, हेच काम आपल्याला करायचं आहे. सापडला तर उपाय अवघड नाही, बहुतेकांना औषधाचा एक डोस पुरतो. मात्र तो डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्या. मेंदूत आधीच गाठी असतील तर त्या औषधाने फिट येऊ शकते.

डुकरं पाळणाऱ्या घरांकडे कृपया बोट दाखवू नका. अंडी माणसाच्या शौचातून येतात, आणि मोडक्या शौचालयांची जबाबदारी सगळ्या गावाची आहे. त्या कुटुंबांना बंदिस्त वाडा बांधायला हातभार लागला पाहिजे. डुकरांसाठीची लस हैदराबादला तयार होते. तिच्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याकडे आपण मागणी करणार आहोत.

निधी लागेल तो स्कॅनसाठी जाणाऱ्या रुग्णांच्या गाडीभाड्याला, शौचाच्या नमुन्यांच्या डब्यांना, वाड्यांच्या जाळीला आणि शौचालयांच्या दुरुस्तीला. पैसे नसतील तर जाळी, विटा, सिमेंट द्या. ज्यांची जीप आहे त्यांनी एखादी फेरी द्यावी. शिकलेल्या मुलामुलींनी आशाताईंबरोबर घरोघर फिरावं.

घरात कुणाला फिट येत असेल, किंवा शौचात भोपळ्याच्या बीएवढे पांढरे चपटे तुकडे दिसले असतील, तर आशाताईंना सांगा. जुना स्कॅनचा कागद असेल तर तोही दाखवा. कुणाचंही नाव ग्रामसभेत घेतलं जाणार नाही. लग्नाच्या मुलीचे आईबाप याच भीतीने गप्प बसतात हे आम्ही जाणतो, म्हणून ही वही फक्त आरोग्य सेविकेकडे राहील.

देणगी ग्रामपंचायत कार्यालयात कामकाजाच्या वेळेत द्यावी आणि पावती आठवणीने घ्यावी. जमाखर्च दर महिन्याला कार्यालयाच्या फलकावर लावला जाईल.

आपली,
ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती