एकोणतीसचा पाढा

चि. छोट्या,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास आणि मी तासभर भांडी घासत बसले. भांडी मुळात चारच होती. "तू माझी आई आहेस की पीटीची बाई?" असं विचारलंस. एकतीस वर्षं गळ्यात शिट्टी अडकवल्यावर ते मलाही धड सांगता येत नाही बघ. पण "दोन मजले चढलास की धापा टाकतोस आणि निघालास नऊशे किलोमीटर" हे मी बोलायला नको होतं. सायकलचा फोटो आला तेव्हा मी तो मोठा करकरून चाकाचे आरेसुद्धा पाहिले, ते मात्र तुला सांगितलं नाही. ताईलाही दाखवला. "छोट्या? सायकलवर?" म्हणाली आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही. तिला काय आठवलं असेल ते तुला कळेल.

पत्र लिहायला घेताना ठरवलं, दुखण्याखुपण्याचा विषय काढायचा नाही. फक्त व्यायामाचं लिहायचं. बघू किती जमतं.

आधी हिशोब. चार महिने हातात आहेत, दहा दिवसांत नऊशे, म्हणजे रोजचे ९०. पहिल्या रविवारी १५ किलोमीटर चालवलीस आणि दर आठवड्याला दहा टक्क्यांनी वाढवत गेलास, तर सोळाव्या रविवारी ६३ होतात. कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं. त्यात दर चौथा आठवडा हलका ठेवायचा, म्हणजे तेवढेही नाहीत. आता दहा टक्के म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. पळताना पाय आपटतात तसे सायकलीवर आपटत नाहीत, म्हणून सुरुवातीला जरा भराभर वाढवलं तरी अंग सोसतं. सरावात ९० एकदाही झाले नाहीत तरी चालेल, कारण तिथे अख्खा दिवस हाताशी असतो. पण शनिवारी ५० आणि रविवारी पुन्हा ५० जमायला हवेत, तेही शेवटी शेवटी सामान लादून. एक दिवसाची हौस कुणीही भागवतो रे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सीटवर बसताना कळतं. नाहीच जमलं तर तारीख पुढे ढकल, नाहीतर रोजचे ६० कर. त्यात कमीपणा नाही. (हे वाचून तुझं तोंड कसं झालं असेल ते मला इथून दिसतंय.)

पहिला महिना आठवड्यातून तीनच दिवस, अर्धा-पाऊण तास, आणि बोलता येईल एवढ्याच वेगाने. मैदानावर मी मुलांना पळता पळता पाढे म्हणायला लावायची. तू एकोणतीसचा म्हण. सातला अडखळलास तर धाप लागली म्हणून की पाठ नाही म्हणून, ते तुझं तू ठरव.

सहाव्या-सातव्या आठवड्यात तुला वाटेल, जमलं. घात तिथेच होतो. रक्तातलं पाणी पहिल्या पंधरवड्यातच वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूही तयार होतात, म्हणून दम टिकतो. पण स्नायूंना हाडाशी बांधून ठेवणाऱ्या कंडरा असतात, त्यांना रक्त मुळातच कमी मिळतं. त्या सावकाश तयार होतात, महिने लागतात. दम म्हणतो चल, आणि गुडघा अजून मागच्या महिन्यात असतो. शाळेत दरवर्षी दोघं-तिघं तरी असे सापडायचे, आणि सगळ्यात हुशार धावणारेच.

जड गिअर रेटू नकोस. माणसाला वाटतं, जोर लागला म्हणजे व्यायाम झाला. हलक्या गिअरवर मिनिटाला ऐंशीच्या आसपास पेडल फिरू दे. पाच तासांत २४,००० फेऱ्या होतात, म्हणजे प्रत्येक गुडघा २४,००० वेळा वाकणार. म्हणून सीटची उंची थोडीशी चुकली तरी संध्याकाळी कळते. भिंतीला धरून सीटवर बस, टाच पेडलवर ठेव, पेडल पार खाली ने. तिथे पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलास की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप उरतो. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट उंच झाली. गुडघा पुढून, वाटीपाशी दुखला तर बहुतेक वेळा सीट खाली असते. मागून दुखला तर वर. एका वेळी तीन-चार मिलिमीटरच हलवायची आणि दोन-तीन फेऱ्या तशाच मारून बघायच्या.

बघ, आलेच दुखण्यावर.

आलेच आहे तर लिहून टाकते. पाचवीतली शर्यत आठवते? तू चौथ्या लेनमध्ये होतास. दुसऱ्या वळणावर तुझी चाल बदलली हे मी पाहिलं होतं. मी मुलांना चाल बघायला शिकवते, मला दिसणार नाही होय? तरी मी ओरडत राहिले, "थांबायचं नाही, थांबायचं नाही!" दुसरा आलास. घरी आल्यावर मोजा निघेना. रक्त वाळून टाचेला चिकटला होता. मी परातीत कोमट पाणी घेऊन तुझा पाय त्यात सोडला आणि मोजा धाग्याधाग्याने सोडवत बसले. बुटातून वर आलेला खिळा. शर्यतीच्या आधीपासून टोचत होता म्हणालास. विचारलं, बोलला का नाहीस? तर म्हणालास, "तूच म्हणतेस ना, मधे थांबायचं नाही." तू अगदी सहज बोललास. मी पाणी बदलायला म्हणून उठले. पाणी चांगलं स्वच्छ होतं.

ते प्रशस्तिपत्र अजून कपाटात आहे. दर दिवाळीला पुसते.

पुन्हा व्याख्यान झालं, माफ कर. तू एक्केचाळीस वर्षांचा आहेस, हे मला माहीत आहे. पोरं आहेत, कर्ज आहे, हाताखाली माणसं आहेत. खाण्याचंही तू वाचलंच असशील, की तास-सव्वा तासापुढची फेरी असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, मध्यम केळ्यात साधारण २५ असतात, आणि भूक लागायची वाट बघायची नसते, कारण भूक लागेपर्यंत पाय लाकडाचे झालेले असतात. पाणी घोट घोट, तहानेप्रमाणे. उगाच बाटल्याच्या बाटल्या रिचवल्या तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही वाईट. पॅडच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालत नाहीत, शिवण घासते. हे आईने लिहावं का? लिहिलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं तर हँडलवरची पकड बदलत राहा, तळहाताच्या कडेची नस दबते ती.

दुखण्यादुखण्यात फरक असतो, तो मात्र नीट वाच. व्यायामाचं दुखणं दोन्ही पायांत असतं, बोथट असतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त ठणकतं आणि मग उतरतं. त्याला घाबरायचं नाही. जे एकाच बाजूला आहे, एका बोटाने दाखवता येतं, आणि चालवताना कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, ते वेगळं. त्याला मलम लावून गप्प बसवायचं नसतं. आणि छातीवर दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, थंड घाम सुटला, तर सायकल तिथे टाकून दे. मिळेल ती गाडी थांबव. तुझ्या बाबांचं "काही नाही, पित्त असेल" मी दोन दिवस ऐकून घेतलं होतं. म्हणून सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घे, बाबांचं सगळं सांग त्यांना. याबद्दल हुज्जत नको.

मला तू पडशील याची तेवढी भीती वाटत नाही. पडलेला माणूस लोकांना दिसतो.

खरं म्हणजे मला तुझं कौतुकच वाटतंय. त्या खुर्चीतून तू उठलास. अण्णा असते तर त्यांनी पंपापासून सगळं काढून दिलं असतं आणि चार गोष्टी चुकीच्या सांगितल्या असत्या. मी शेजारच्या बाईंना दोनदा सांगून झालंय, दुसऱ्या वेळी किलोमीटर जरा वाढवूनच सांगितले.

आता जे लिहायचं नव्हतं ते. सूनबाईशी बोलले परवा. तिच्यावर चिडू नकोस, तिने चुगली केली नाही. मीच विचारलं, घरात मलमाचा वास येतो का गं? ती गप्प बसली. मग म्हणाली, आठ दिवस जिना उतरताना कठड्याला धरतोय, आणि "आईला बोलू नकोस" म्हणालाय. आठ दिवस म्हणजे फोनच्याही आधीपासून. म्हणजे मी जिन्यावरून बोलले तेव्हा तुझा गुडघा दुखतच होता, आणि तू मला धापेवरून भांडू दिलंस.

मी रागावणार नाही. सायकल बंद कर असंही म्हणणार नाही, तारखेचा विषयही काढणार नाही. सविस्तर पत्र नकोच, फोनही नको. एका ओळीत कळव, डावा की उजवा, आणि पुढून दुखतो की मागून.

आई