सईच्या नव्या स्वयंपाकघरासाठी

सोलापूर

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद. तुझ्या खोलीतल्या ओट्याचा फोटो पाहिला. तिघींची भांडी एकत्र दिसली आणि लगेच लिहायला बसले. फोनवर तू "हो गं आई" म्हणतेस आणि विषय संपतो.

दूध-तूप तू मुक्या जनावरांच्या कळवळ्याने सोडलंस, त्याचा मला अभिमान आहे. दाणे आणि गहू मात्र तुझ्या शरीरानेच नाकारलेत. तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या की लोक सगळ्यालाच पथ्य समजतात आणि थोडंसं चालत असेल असं धरून चालतात. म्हणून कुणाकडे जेवायला जाताना आधी शेंगदाण्याचं सांग, श्वास अडकतो हे स्पष्ट शब्दांत सांग. मग गव्हाचं. दुधाचं शेवटी.

आपल्याकडे शेंगाच्या चटणीशिवाय ताट वाढलं जात नाही, आणि रश्शात कूट हवंच. तुझ्यासाठी भरल्या वांग्याला मी दोन वाट्या भाजलेले तीळ, एक वाटी सुकं खोबरं आणि चमचाभर कारळे घेते. कारळे वाढले की रस्सा काळपट आणि कडवट होतो, तेवढं सांभाळ. तीळ तुला चालतात हे डॉक्टरांनी तपासलंय, म्हणून बिनधास्त घाल. ताटात डावीकडे जवसाची चटणी वाढ. कोशिंबिरीत दह्याऐवजी ओलं खोबरं आणि लिंबू छान लागतं. आमटीला चिंच-गूळ पुरे.

खरी काळजी न दिसणाऱ्या गोष्टींची आहे. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. खडा हिंग घे, नाहीतर लसणाची फोडणी कर. येसर, आमटीचा तो तयार मसाला, कुणी प्रेमाने दिलं तरी घेऊ नकोस, त्यात भाजलेले गहू असतात. तेलाचंही तसंच. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्याचा अंश राहतो, आणि त्याच घाण्यावर करडई गाळली तर तिच्यातही उतरतो. दाणे भाजले किंवा तळले म्हणून त्यांचा धोका जात नाही. मैत्रिणींना हेही सांग, कारण "नीट शिजलंय की" असं कुणीतरी म्हणणारच.

ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते चिकट प्रथिन, नाही, बाजरी-नाचणीतही नाही. पण गिरणीत तुझ्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात. "ज्वारीवर ज्वारी" दळून घेतली तरी जात्यात पीठ अडकून राहतं, आणि सिलिअ‍ॅकमध्ये, म्हणजे तुझ्या या ग्लुटेनच्या आजारात, तेवढ्यानेही आतड्याला इजा होते. आपल्या घरघंटीत मी गहू घालतच नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी दळून थोडी थोडी पाठवत जाईन. एकदम जास्त पाठवलं तर पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. तसं झालंच तर उकळत्या पाण्यात पीठ भिजव. तवा, कालथा आणि काटवट तुझी वेगळी ठेव. मैत्रिणीची पोळी त्या तव्यावर भाजायची नाही, आणि हे बोलायला संकोच करायचा नाही.

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी एवढाच, आत दूध असू शकतं. 2022 च्या नियमांनी व्हेगन पदार्थांसाठी हिरव्या व्ही अक्षराचं वेगळं चिन्ह आलंय, पण त्या चिन्हावरून दाण्यांचा किंवा गव्हाचा काहीच पत्ता लागत नाही. अ‍ॅलर्जीची ओळ बारीक अक्षरात असते, ती दर वेळी वाच. नेहमीचं पाकीट असलं तरी वाच, कंपन्या घटक बदलतात. ग्लुटेन-फ्री लिहिलेल्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्याकडे नियम आहे.

बी-12 ची गोळी चुकवू नकोस, डाळी-भाज्यांतून ते मिळत नाही.

आणि अ‍ॅड्रेनालिन. ओठ सुजले, घसा आवळला, श्वास लागला, तर अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन, आणि लगेच दवाखाना. दोन्ही मैत्रिणींना ते कुठे ठेवलंय ते दाखव, आणि कसं द्यायचं ते त्यांच्याकडून एकदा करवून घे. पेटीवरची मुदत बघून मला आजच कळव. संपत आली असेल तर बाबा शनिवारी येतायत, त्यांच्याबरोबर पिठासोबत नवं पाठवते.

तुझी,
आई