अर्जाचा निबंध मुलांचाच राहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशातील पदवी प्रवेशाच्या अर्जात बहुधा मुलाने स्वतः लिहिलेला निबंध द्यावा लागतो. हे अर्ज भरण्याचे दिवस आले की मदतीला सगळे घर धावते. वडील वाक्ये सुधारतात, ताई जड शब्द सुचवते, क्लासचे सर शेवट नव्याने लिहून देतात. हेतू चांगलाच असतो, पण निबंध बिघडतो तो इथेच. सतरा वर्षांच्या मुलाच्या नावावर पंचेचाळिशीतल्या माणसाची भाषा जाते आणि वाचणाऱ्याच्या ते सहज लक्षात येते; कारण त्याच अर्जात १५० अक्षरांत बसवलेली उपक्रमांची वर्णने, छोटी उत्तरे आणि शिक्षकांची शिफारसपत्रेही असतात. त्यांतला मुलगा एक आणि निबंधातला दुसराच, असे होते.

आधी मागणी काय आहे ते नीट पाहावे. अमेरिकेतील ‘कॉमन ॲप’ला, म्हणजे एकाच अर्जावर अनेक महाविद्यालयांकडे प्रवेश मागण्याच्या ऑनलाइन सोयीला, २५० ते ६५० शब्दांचा एक निबंध लागतो, सात विषयांपैकी एक विषय तर स्वतःच्या पसंतीचा असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरे मागते, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. ब्रिटनमधील विद्यापीठांचे प्रवेश अर्ज एकत्र स्वीकारणाऱ्या ‘यूकॅस’ या संस्थेने २०२६च्या प्रवेशापासून सलग निबंध बंद करून तीन प्रश्न ठेवले आहेत, तिन्ही मिळून ४,००० अक्षरे, आणि तिथे भर अभ्यासविषयाच्या तयारीवर असतो. अमेरिकेसाठी लिहिलेला आत्मपर निबंध ब्रिटनच्या अर्जात चिकटवला तर वाया जातो.

मदतीची खरी जागा लिहिण्याच्या आधी आहे. मुलाला समोर बसवून अर्धा-पाऊण तास बोलते करावे, तेही मराठीतच, आणि फोनवर ध्वनिमुद्रण करावे. इंग्रजीत विचारले की मुले भाषण देऊ लागतात. मराठीत ती घडलेले सांगतात. ‘तुझे गुण कोणते’ असे विचारू नये. शेवटचा वेळ कशात गेला की जेवायचे भान राहिले नाही, कोणते मत अलीकडे बदलले, कोणते काम कोणी सांगितले नसताना करतोस, हे विचारावे.

समजा मुलीने लिहिले, ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे.’ हे वाक्य खोडू नये. समासात फक्त विचारावे : शेवटचे काय उघडून पाहिलेस? मग कळते की छताचा पंखा मंद फिरत होता, तिने रेग्युलेटर बदलला, फरक पडला नाही. दोन दिवसांनी दोष कपॅसिटरमध्ये सापडला. आता विचारावे, रेग्युलेटरवरच संशय का घेतलास? ‘कारण तोच हाताला लागत होता,’ हे तिचे उत्तर म्हणजे निबंधाचा गाभा. हे वाक्य तिला कोणी लिहून देऊ शकले नसते.

पहिला खर्डा ९०० शब्दांचा झाला तरी होऊ द्यावा. मग कात्री लावावी, आणि बहुतेक वेळा पहिला परिच्छेद आणि शेवटचा उपदेश हेच आधी जातात. दोन खर्ड्यांमध्ये चार-पाच दिवस जाऊ द्यावेत. वाचणारे दोघेच असावेत : एक मुलाला ओळखणारा, एक न ओळखणारा. पाच जणांनी वाचलेला निबंध गुळगुळीत होतो. ज्याला जे खटकते ते तो काढतो आणि उरते ते कोणाचेच नसते. व्याकरणाच्या चुका दाखवाव्यात, दुरुस्त मुलाने कराव्यात. शेवटी मोठ्याने वाचून घ्यावे. जिथे जीभ अडखळते, ते वाक्य बहुधा उसने असते.

विषयांबद्दल एक कळकळीची विनंती. दुःख असल्याशिवाय निबंध होत नाही, ही समजूत मुलांच्या मनातून काढायला हवी. घरातल्या मृत्यूवर लिहायचे नसेल तर आग्रह धरू नये. आजोबांवर लिहिताना ५०० शब्द आजोबांचे आणि १५० मुलाचे होतात, तेव्हा प्रवेश आजोबांना मिळायला हवा असे वाटते. प्रमाणपत्रांची यादी तर अर्जात आधीच असते. आणि प्रवेश मिळालेल्यांचे नमुने खर्डा तयार होण्याआधी वाचायला देऊच नयेत. त्यांचा साचा डोक्यातून जात नाही.

चॅटबॉटचे म्हणाल, तर त्याच्याकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे ‘कॉमन ॲप’च्या नियमांत फसवणूक ठरते, आणि ‘यूकॅस’ मजकुरातील साम्य तपासते. उलट बाजूही आहे : यंत्रलिखित मजकूर ओळखणारी साधने प्रामाणिक मुलांवरही चुकीचा शिक्का मारतात. म्हणून पहिल्या ओळीपासून एकाच गुगल डॉकमध्ये लिहावे. बदलांचा इतिहास आपोआप जपला जातो आणि शंका आली तर दाखवता येतो.

‘कॉमन ॲप’ १ ऑगस्टला उघडते आणि लवकरच्या फेरीची मुदत अनेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते. शाळा-महाविद्यालयांनी बोलण्याचा हा टप्पा जून-जुलैमध्येच उरकून घ्यावा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात घाबरलेल्या मुलाच्या हातून लेखणी काढून घेण्याचा मोह कोणालाही होतो.

आपले,
प्रवेश अर्जांसाठी मार्गदर्शन करणारे काही शिक्षक