लाइव्ह आणि टेस्टिंग एकाच अपाचेत नको

संपादक महोदय,

एखादी साइट अर्धा दिवस वेड्यासारखी वागते आणि पेपरात 'तांत्रिक अडचणीमुळे' एवढंच छापून येतं, त्यातली एक अडचण तर अगदी ठरलेली आहे म्हणून हे पत्र. पैसे वाचवायला एकाच सर्व्हरवर, एकाच अपाचेमध्ये (साइटची पानं पुरवणारं सॉफ्टवेअर) लाइव्ह साइट पण चालवतात आणि नवे बदल करून बघायची डेव्हलपमेंटची, म्हणजे 'डेव्ह'ची, कॉपी पण. फोल्डर वेगळे, डोमेन वेगळं, मग बिघडलं कुठे? तर प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) दोघांची एकच ना.

मॉड-पर्लचं घ्या, म्हणजे अपाचेच्या आतच पर्ल भाषेतला कोड चालवणारा भाग. मॉड्यूल (कोडची वेगळी फाइल) एकदा लोड झालं की पर्ल त्याची नोंद 'आयएनसी' नावाच्या हॅशमध्ये, म्हणजे एका यादीत, करतं, आणि ती पण 'कॉन्फिग डॉट पीएम' अशा नुसत्या नावाने, अख्ख्या पाथने नाही. म्हणजे डेव्हचं कॉन्फिग (सेटिंगची फाइल) आधी लोड झालं की त्याच प्रोसेसमध्ये लाइव्ह साइटने स्वतःचं कॉन्फिग मागितलं तरी पर्ल म्हणतं 'आहे की माझ्याकडे', आणि दुसरी फाइल उघडतच नाही. कोडमध्ये 'यूज लिब' ही ओळ टाकून उपयोग नाही, त्याने फक्त शोधायची जागा बदलते आणि इथे शोधणंच होत नाही. पायथॉन भाषेतली 'सिस डॉट मॉड्यूल्स' ही नोंद पण त्याच जातीची.

त्यात अपाचे स्वतःच्या अनेक प्रती (चाइल्ड प्रोसेस) चालवतं, प्रत्येकीत दोन्ही साइट, आणि प्रत्येकीत जे आधी आलं ते ठाण मांडून बसलेलं, त्यामुळे एकदा रिफ्रेश केलं की जुनं पान, परत केलं की नवं, आणि सपोर्टवाला म्हणतो कॅशे क्लिअर करा (ऐकून कान किटलेत). रीस्टार्ट मारला की थोडा वेळ बरं चालतं, सगळे खूश. नुसतं पान चुकीचं दिसलं तर एक वेळ ठीक, पण त्या कॉन्फिगमध्ये टेस्ट डेटाबेसचं नाव असलं तर खऱ्या ग्राहकाची ऑर्डर तिकडे जाऊन पडते आणि तिथे ती कोणी बघत पण नाही.

उपाय माहीत नाही असं नाही. डेव्हसाठी वेगळं अपाचे, वेगळ्या पोर्टवर, वेगळ्या युजरखाली. मॉड-पर्ल २ आणि थ्रेडवालं पर्ल असेल तर व्हर्च्युअल होस्टला (अपाचेतल्या एका साइटच्या सेटिंगला) 'पेरेंट' ऑप्शन देऊन स्वतंत्र इंटरप्रिटर (कोड चालवणारं इंजिन) मिळतो, पायथॉनसाठीच्या मॉड-डब्ल्यूएसजीआयमध्ये वेगळा डीमन प्रोसेस ग्रुप, म्हणजे त्या साइटपुरत्या वेगळ्या प्रोसेस, करता येतो. काही जण मॉड्यूलचंच नाव बदलून 'डेव्ह-कॉन्फिग' करतात, मग लाइव्हला नेताना एखाद्या फाइलमध्ये बदलायचं राहतंच.

दुसऱ्या अपाचेला नवीन मशीन लागत नाही, थोडी जास्त मेमरी लागते, आणि ती मंजूर करायची सही वरच्यांची असते, तरी शिव्या खातात कोड लिहिणारी पोरं.

- एक वाचक