एजंटला पॅन द्यायचा का?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

न्यूयॉर्कच्या साहित्यिक एजन्सीने (लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणाऱ्या) कराराच्या मसुद्याबरोबर कराचा फॉर्म धाडला आणि तू बिचकलीस, हे बरंच झालं. पॅन, जन्मतारीख, घरचा पत्ता, सही एवढं सगळं एकाच पानावर मागतात म्हटल्यावर कुणीही बिचकेल. पण मागणी रास्त आहे. पुस्तक तू पुण्यात बसून लिहिलंस, तरी ते अमेरिकेत विकलं गेलं की त्याची रॉयल्टी तिथलं उत्पन्न धरतात, आणि पैसे देणाऱ्याला त्यातून कर कापावाच लागतो. फॉर्म हाती नसेल तर सरसकट ३० टक्के. भारत-अमेरिका यांच्यातल्या कराविषयीच्या करारामुळे लेखनाच्या रॉयल्टीवर तो १५ वर येतो, पण तू भारताची रहिवासी करदाती आहेस हे लेखी दिलंस तरच. तो लेखी कागद म्हणजे हा डब्ल्यू-८बेन. तो अमेरिकेच्या कर खात्याकडे धाडायचा नसतो, एजन्सीच्या दप्तरी राहतो. (ग्रीन कार्डवाल्यांना हा चालत नाही. त्यांचा डब्ल्यू-९.)

मात्र घाई करू नकोस. आधी दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार हातात येऊ दे. खरं तर पहिला पैसा निघायची वेळ येईपर्यंत या फॉर्मवाचून कुणाचं अडत नाही. हस्तलिखित वाचायच्या आधीच पॅन मागणारा, किंवा ‘कर मंजुरी’साठी काही रक्कम भरा म्हणणारा, एजंट नव्हेच. खऱ्या एजंटची कमाई कमिशनवर असते: साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर बहुधा २०.

ईमेलचा पत्ता अक्षर अक्षर वाच. २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या विमानतळावर प्रकाशन व्यवसायातल्याच एका कर्मचाऱ्याला अटक झाली. एजंट आणि संपादकांच्या नावाने खोटे पत्ते काढून तो अप्रकाशित हस्तलिखितं मिळवत असे. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी टाकले की घाईत वाचणाऱ्याला फरक कळत नाही. त्याला हस्तलिखितं हवी होती. तीच युक्ती पॅनसाठीही चालेल. म्हणून एजन्सीच्या वेबसाइटवरचा फोन नंबर लावून विचार, मग फॉर्म त्यांच्या सुरक्षित लिंकवर चढव. लिंक नसेल तर पासवर्ड घातलेली पीडीएफ पाठव आणि पासवर्ड फोनवर सांग. आधार किंवा पॅन कार्डाचा फोटो हा फॉर्म मागत नाही. नुसता नंबर पुरे.

आता भरायचं कसं. नाव पॅनवर आहे तेच, टोपणनाव नको. आपल्याकडे घोळ होतो तो इथेच: पॅनवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, पासपोर्टवर मधलं नाव गायब. बँकेतलं नाव जुळलं नाही तर परदेशातून आलेली रक्कम परत जाऊ शकते, तेव्हा आधी बँकेत जाऊन ते सरळ कर. ओळ ३ मध्ये राहता पत्ता लिही. ‘द्वारा अमुक’ किंवा पोस्ट बॉक्स चालत नाही. सोयीसाठी न्यू जर्सीच्या काकांचा पत्ता तर मुळीच देऊ नकोस, अमेरिकेतला पत्ता दिसला की भारतात राहण्याच्या दाव्यावरच शंका येते. पॅन ओळ ६-अ वर. जन्मतारखेत महिना आधी लिहितात, नाहीतर ५ ऑगस्टची ८ मे व्हायची.

सगळ्यात जास्त चुकते ती ओळ १०. ओळ ९ वर ‘भारत’ लिहून लोक थांबतात. पण भारत-अमेरिका करारात रॉयल्टीचे दोन दर आहेत, काही यंत्रसामग्रीच्या वापराला १० आणि लेखनहक्काला १५, म्हणून कुठला दर मागतेस ते सांगावंच लागतं: कलम १२, परिच्छेद २, दर १५ टक्के, उत्पन्नाचा प्रकार लेखनहक्काची रॉयल्टी. ही ओळ कोरी राहिली तर हिशेबनीस ३० टक्के कापून मोकळा होईल. समज, १०,००० डॉलरचा आगाऊ हप्ता आहे. कर पूर्ण रकमेवर धरला तर १,५०० कमिशन आणि १,५०० कर जाऊन हातात ७,००० येतात. ३० टक्क्यांनी ५,५००. वरचे १,५०० परत मिळवायला अमेरिकेत विवरणपत्र भरा, त्यासाठी तिथला करक्रमांक काढा, असा द्राविडी प्राणायाम. आणि तिथे कापलेल्या कराची भारतात वजावट त्या भारत-अमेरिका कराराच्या दरापुरतीच मिळते, जास्तीच्या रकमेची नाही.

सही २०२६ मध्ये केलीस तर फॉर्म ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत चालेल. मधे तिकडे राहायला गेलीस तर ३० दिवसांत त्यांना कळव.

पैसे मिळाले की त्याच्या पुढच्या वर्षी मार्चच्या मध्यापर्यंत, किती कर कापला ते सांगणारा १०४२-एस नावाचा कागद यायला हवा. भारतात परदेशी कराची वजावट मागताना पुरावा तोच, तेव्हा नाही आला तर पाठपुरावा कर. त्यात जानेवारी ते डिसेंबरचा हिशेब असतो आणि आपलं वर्ष एप्रिलपासून, म्हणून प्रत्येक हप्त्याची तारीख आणि एजन्सीचं स्टेटमेंट जपून ठेव. विवरणपत्रात पूर्ण रक्कम दाखवायची, खात्यात पडलेली नव्हे. लेखकांना रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंतची जी वजावट आहे, ती जुन्या करप्रणालीतच मिळते आणि परदेशातली रक्कम वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत भारतात आलेली असावी लागते. बँकेकडून रक्कम आल्याचा दाखला त्या त्या वेळीच मागून घे.

भरलेला फॉर्म पाठवण्याआधी एकदा मला दाखव. ओळ १० मी बघते.

तुझी,
आई