चि. ऋतुजास, वॉर्डात जाण्याआधी

चि. ऋतुजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दर शनिवारी दुपारी दोन ते सहा मुलांच्या हॉस्पिटलात स्वयंसेवक म्हणून जायचं तू ठरवलंस, आणि तेही रुग्णसुरक्षेच्या कामाला, हे ऐकून फार बरं वाटलं. नियम तुला तिथे सांगतीलच. मी त्यामागची कारणं लिहिते आहे. कारण समजलं की गडबडीतही नियम सुटत नाही.

एक गोष्ट आधीच मनात पक्की कर. तू औषध देणार नाहीस, सलाइनच्या चाकाला किंवा पंपाच्या बटणाला हात लावणार नाहीस, बाळाला भरवणार नाहीस, डॉक्टरांचं म्हणणं दुसऱ्या भाषेत स्वतःच्या मनाने समजावणार नाहीस. तुझं खरं काम खाटेशेजारी बसलेल्या आईपाशी आहे. बाळाचं काही बिनसलं की बहुतेक वेळा ते आधी तिला जाणवतं. पण ती म्हणते एवढंच, "आज हा नेहमीसारखा रडत नाही." नाडी, ताप, लघवी यांना तक्त्यात रकाने असतात, या वाक्याला नसतो. म्हणून ते हवेत विरतं. ते योग्य माणसाच्या कानापर्यंत नेणं हे तुझं काम.

अमेरिकेतली जोसी किंगची हकिकत याच कारणासाठी जगभर शिकवतात. दीड वर्षाची मुलगी, २००१ साली गरम पाण्याने भाजली म्हणून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात दाखल झाली. भाजलेलं बरं होत आलं होतं. मग तिला विलक्षण तहान लागू लागली. पाणी दिसलं की रडायची, अंग पुसायचं ओलं फडकं चोखायची. आईने, सॉरेल किंगने, हे वारंवार सांगितलं. तिचं म्हणणं वेळेवर गांभीर्याने घेतलं गेलं नाही. शरीरातलं पाणी कमी झालेलं होतं, त्यात गुंगीचं वेदनाशामक दिलं गेलं आणि त्याच फेब्रुवारीत मुलगी गेली. जगातल्या नावाजलेल्या हॉस्पिटलात. सॉरेल किंग पुढे आयुष्यभराचं काम म्हणून याच विषयाला लागल्या. त्यातून पिट्सबर्गच्या एका हॉस्पिटलाने २००५ मध्ये सोय केली, की रुग्णाचा नातेवाईकही फोन उचलून तातडीचं पथक बोलावू शकेल. इंग्लंडात तेरा वर्षांची मार्था मिल्स २०२१ मध्ये जंतुसंसर्ग रक्तात पसरून गेली. तिच्याही आईवडिलांनी काळजी बोलून दाखवली होती. तिच्या नावाचा नियम २०२४ पासून तिथल्या हॉस्पिटलांत येऊ लागला: घरच्यांना शंका असेल तर दुसऱ्या पथकाकडून तपासणी मागता येते.

तुझ्या हॉस्पिटलात अशी सोय आहे का, हे पहिल्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरांना विचार. नसेल तर कुणाला, कोणत्या क्रमाने सांगायचं ते विचारून लिहून घे: आधी खाटेच्या सिस्टर, मग इन्चार्ज, मग ड्युटीवरचे डॉक्टर. आईशी बोलताना "काही त्रास आहे का?" असं विचारू नकोस. उत्तर "नाही" असंच येतं, कारण तिला सिस्टरांना नाराज करायचं नसतं. नेमकं विचार. सकाळपासून किती वेळा प्यायला? शेवटची लघवी कधी झाली? हाक मारली की बघतो का? श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का? हातपाय गार लागतात का? आणि मग, "कालच्यापेक्षा आज वेगळं काय वाटतं?" या शेवटच्या प्रश्नाला दोन मिनिटं थांब. सांगायला जाशील तेव्हा खाट, बाळाचं नाव, आई काय म्हणते ते तिच्याच शब्दांत, आणि केव्हापासून, एवढंच सांग. निदान सांगू नकोस. सांगितल्यावर कुणी येऊन बघेपर्यंत तिथून हलू नकोस.

आता मनगटावरच्या पट्टीबद्दल. किती साधी दिसते! पण औषध, रक्त, ऑपरेशन सगळं त्या पट्टीवर चालतं. नवजात बाळाला अजून नाव नसतं, पट्टीवर "बेबी ऑफ सुनीता" एवढंच. एका वॉर्डात दोन सुनीता असू शकतात, जुळी असली तर एक आणि दोन. म्हणून ओळख नेहमी दोन गोष्टींवरून पटवतात, पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे, खाट रात्रीतून बदलते. पट्टी नाहीशी होते ती बहुधा एकाच वेळी: सलाइन लावायला त्याच हाताची शीर सापडली, पट्टी आड आली, कापून बाजूच्या टेबलावर ठेवली आणि परत बांधायची राहिली. तू फेरी मारताना बघ, पट्टी अंगावर आहे का, अक्षरं पुसली नाहीत ना, पट्टीखाली एक बोट सहज जातं का. सुजलेल्या पायावर ती रुतते. पट्टी टेबलावर दिसली तर स्वतः बांधू नकोस, सिस्टरांना बोलाव. नाव विचारताना "हा आरव ना?" असं म्हणू नकोस. तीन रात्री न झोपलेली आई कशालाही मान डोलावते. "बाळाचं पूर्ण नाव सांगा" असं म्हण.

सलाइनच्या जागीही आईचेच डोळे उपयोगी पडतात. हात फळीला बांधून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते. सुई शिरेतून निसटली तर पाणी कातडीखाली उतरतं आणि पट्टीमुळे सूज लपते. दोन्ही हात शेजारी धरून बघायला आईला सांग. एक हात फुगलेला, घट्ट, गार किंवा लाल दिसला, किंवा तिथे स्पर्श होताच बाळ कळवळलं, तर लगेच सिस्टर. काही औषधं अशी असतात की कातडीखाली गेली तर मांस जाळतात, तिथे अर्धा तासही फार होतो.

औषधाच्या मापाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण घरी सोडताना चुका होतात त्या बहुतेक इथेच. मोठ्यांना एक गोळी म्हणजे एक गोळी. मुलांचं सगळं वजनावर. पॅरासिटामॉल घे. साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर आठ किलोच्या बाळाला एका वेळी १२० मिलिग्रॅम. बाजारात त्याचे थेंब मिळतात, एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, म्हणजे लागतात १.२ मिलि. एक सिरप असतं ५ मिलिमध्ये १२०, त्याचे ५ मिलि. दुसरं असतं ५ मिलिमध्ये २५०, त्याचे २.४ मिलि. औषध एक, बाळ एक, माप तीन. हॉस्पिटलात "पाच मिलि द्या" ऐकलेल्या आईच्या हातात दुकानदाराने थेंबांची बाटली दिली, की पोटात ५०० मिलिग्रॅम जातं, चौपटीहून जास्त. असं दोन दिवस झालं तर यकृत धोक्यात येतं. म्हणून नुसतं "किती मिलि" पुरत नाही, बाटलीवरची ताकदही बघावी लागते. "एक चमचा" हा शब्द तर वापरूच नये. पोह्यांच्या चमच्यात चहाच्या चमच्यापेक्षा कितीतरी जास्त मावतं. बाटलीबरोबरचं टोपण-माप किंवा तोंडाने द्यायची सिरिंज, आणि खूण डोळ्यांच्या रेषेत.

चिठ्ठीतला दशांश बघ. शून्याशिवाय लिहिलेला ".५" पाच वाचला जातो आणि "५.०" पन्नास. असं काही दिसलं तर आईला "जरा थांबा" म्हण आणि चिठ्ठी घेऊन फार्मसिस्टकडे किंवा सिस्टरांकडे जा. आकडा तू सांगायचा नाही, अगदी खात्री असली तरी.

पावडरीच्या बाटलीतली अँटिबायोटिकं हा आणखी एक खड्डा. उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खाली ओतायचं, हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग नेमकं खुणेपर्यंत. फेसालाच खूण समजलं तर पाणी कमी पडतं आणि औषध कडक होतं. काही जण रोज थोडी पावडर थोड्या पाण्यात कालवतात, तेव्हा तर मापच राहत नाही. आणि ओआरएस! २०.५ ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं २०० मिलिलिटरसाठी. मोठं पाकीट एका पेल्यात ढवळलं तर रक्तातलं मीठ वाढून जुलाबाच्या बाळाला झटके येऊ शकतात. "उरलं तर फुकट जातं" म्हणून दोन दिवस पुरवू पाहतात, चोवीस तासांनी ते ओतून द्यायचं असतं.

हे सगळं आईला समजलं का, हे "समजलं ना?" विचारून कळत नाही. सिस्टरांनी किंवा फार्मसिस्टने सांगून झालं की तू रिकामी सिरिंज आणि पाण्याची वाटी तिच्यापुढे ठेव. "घरी गेल्यावर कसं द्याल, मला एकदा करून दाखवा." सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, खूण चुकली, की तिथल्या तिथे दिसतं. चुकली तर सांगणाऱ्याला परत बोलाव. दोनदा, तीनदा. रिक्षा खाली थांबली असली तरी.

हातांच्या स्वच्छतेच्या नोंदीचं काम तुला देतील असं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करायच्या पाच वेळा ठरवून दिल्या आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर. पाचवी सहज सुटते. कठडा, पंप, चादर याला लागलेला हात कुणाला अस्वच्छ वाटत नाही. हँडरब, म्हणजे बाटलीतलं हातावर चोळायचं द्रावण, २० ते ३० सेकंद, साबण-पाणी धरून ४० ते ६०. हात मळलेले दिसत असतील किंवा जुलाबाचं मूल असेल तर साबणच. अंगठा आणि बोटांची टोकं हटकून राहतात. हातमोजे घातले म्हणून हात धुणं माफ होत नाही. एका बैठकीला साधारण वीस मिनिटं बस, एका वेळी तिघांपेक्षा जास्त माणसं बघू नकोस. हात स्वच्छ करायच्या ४० संधी आल्या आणि २४ वेळा हात स्वच्छ झाले तर ६० टक्के. नाव कुणाचंही लिहायचं नाही. नाव लिहिलंस तर पुढच्या शनिवारी तुला बघून सगळे हात धुतील आणि आकडा खोटा होईल. टक्का कमी आला तर आधी बाटली बघ. ती रिकामी असते, किंवा दाराशी एकच असते आणि खाट बारा पावलं दूर.

मुलं खाटेवरून पडतात ती आई शेजारी असतानाही. एका बाजूचा कठडा खाली, ती लंगोट घ्यायला वळते, तेवढ्यात. कठडा वर केल्यावर खटका वाजला का ते ऐकायला शिकव. पाच वर्षांखालच्या मुलाच्या खाटेवर शेंगदाणे, फुटाणे, फुगे, खेळण्यातल्या गोल चपट्या बॅटऱ्या नकोत. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकतो आणि ती बॅटरी अन्ननलिकेत दोन तासांत जखम करते. मऊ बाहुल्या धुता येत नाहीत म्हणून वाटू नकोस.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. तेव्हा पहिल्याच दिवशी बाहेर पडायच्या दोन्ही वाटा चालून बघ. दारापुढे स्ट्रेचर, खोकी, नातेवाइकांच्या पिशव्या दिसल्या तर त्याच क्षणी सांग. यंत्राच्या प्लगमध्ये कुणी मोबाईल लावलेला असेल तर तेही.

दिसलेलं सगळं वहीत असं लिही: "चौथी खाट, डावा कठडा अडकत नाही, ४ वाजून १० मिनिटं, इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं." निष्काळजीपणा, दुर्लक्ष हे शब्द नकोत. मुलाचं नाव वहीत नको, फोटो तर नाहीच. मुलाजवळ एकटी, बंद दाराआड कधी थांबू नकोस. थोडक्यात टळलेली चूक जी सिस्टर तुला आपणहून सांगेल तिचे आभार मान. तिला त्यात धाडस लागलेलं असतं.

जाताना अंगठी, घड्याळ, हातातला धागा घरी. कोपरापर्यंत हात मोकळे, नखं कापलेली, केस बांधलेले. सर्दी, ताप, जुलाब, अंगावर पुरळ असेल तर त्या शनिवारी जाऊच नकोस. तुझी साधी सर्दी केमो चालू असलेल्या मुलाला जड जाते.

तुझं लसीचं कार्ड या पाकिटात घातलं आहे. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन्ही डोस झालेत, कांजिण्यांचा एकच आहे. दुसरा आणि यंदाची फ्लूची लस या आठवड्यात घे. बी-काविळीची नोंद पुसट झाली आहे. ती तपासून घ्यायची का, ते हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना कार्ड दाखवून विचार. पहिल्या शनिवारी घरी पोचलीस की फोन कर.

तुझी,
आई